पाळीव उंदीर शिंकतोय: लगेच दाखवायचं की थांबायचं?

दुधनाकाठ
सेलूला राहते, घरी उंदीर पाळलेत. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "उंदीर शिंकतातच, चार दिवस थांबा." माझी चिंगी या थांबण्यातच गेली. सोयाबीनच्या राशी चालू होत्या, गल्लीभर धूळ, म्हणलं धुळीनं शिंकतेय. तिसऱ्या आठवड्यात हातात घेतली तर बोटांना छातीतली घरघर लागली. कानाशी धरली तर आत चुरचुर. खाणं चालू होतं, त्यानंच फसले. उंदीर दुखणं लपवतो. त्याचं आयुष्यच 2-3 वर्षांचं, त्यात आपले तीन आठवडे लई होतात. शिंका लागल्या की दाखवा, असं माझं ठाम मत.

खळ्यावरचा
ताई, चिंगीचं ऐकून वाईट वाटलं. पण मत पटलं नाही. नव्या घरी आणलेला उंदीर आठवडाभर, कधी दोन आठवडे शिंकतो आणि आपोआप थांबतो. माझ्या दोघांच्या पिंजऱ्यात लाकडाचा भुसा होता. तो काढून कागदाच्या पट्ट्या टाकल्या, रोज ओलं काढायला लागलो, शिंका बंद. मुतातला अमोनिया त्यांच्या नाकाला, श्वासनळीला पोळतो. नाकाडोळ्याला लाल दिसलं की लोक घाबरतात; ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतलं पॉर्फिरिन असतं, नुसत्या ताणानंही येतं. आणि मायकोप्लाझ्मा हा श्वासाचं दुखणं आणणारा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात असतोच. औषधानं दबतो, पुरता जात नाही. शिंकेगणिक अँटिबायोटिक दिलं तर खऱ्या दुखण्यात ते चालायचं नाही.

दुधनाकाठ
औषध द्या असं मी कुठं म्हणले? तपासून घ्या म्हणतेय.

बालाघाट
तपासायचं कुणाकडं, ते पण सांगा. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण आधी फोन करून उंदीर बघतात का विचारा. मे महिन्यात एस.टी.त चार तास नेला तर उन्हानंच जाईल. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीतून काढतो.

मी शिंका मोजत नाही, श्वास बघते. झोपलेला असताना कुशी आत ओढल्या जातात का, केस पिंजारलेत का, पाठ कुबडी काढून बसतो का. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. 300 ग्रॅमचा 270 वर आला तर खाताना दिसला तरी मी निघते. तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याच घडीला, कारण उंदीर एरवी नाकानंच श्वास घेतो.

खळ्यावरचा
हे मान्य, तोंड उघडलं तर मध्यरात्रीपण निघा. आणि घरातलं लेकरांचं सर्दीचं औषध पाजू नका, कुणी कितीही सांगू द्या. पण नुसत्या शिंकेला मी आजही आठ दिवस थांबेन, पिंजरा स्वच्छ करून.

दुधनाकाठ
कुशी ओढायला लागल्यावर निघायचं, तिथंच माझं भांडण आहे. चिंगीच्या कुशी संध्याकाळी ठीक होत्या, पहाटे ओढत होत्या, आणि पहिली गाडी सातला. आता दुसरीचा ती बरी असतानाचा झोपेतला श्वास मोबाइलवर काढून ठेवलाय. जरा वेगळं वाटलं की शेजारी धरून बघते, आणि डॉक्टरांना फोन करताना दोन्ही व्हिडिओ पाठवते. आठ दिवस मी नाही थांबणार.