मदत हवी आहे: उणे ५ करून जोरात मारू की सरळ नेम धरू? (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ, पाचवी एडिशन)

नमस्कार मंडळी, प्रश्न हिशोबाचा आहे. इंदूरचा आहे त्यामुळे मराठीत मधेच हिंदी टपकेल, चालवून घ्या.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी लोकमान्यनगरला मामाच्या गच्चीवरच्या खोलीत खेळतो, २०१४ चंच पुस्तक, २०२४ चं नवीन कोणी घेतलेलं नाही. मामेभाऊ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. माझं पात्र फायटर (लढवय्या), लेव्हल ५, व्हेरिएंट ह्यूमन (पहिल्या लेव्हललाच फीट मिळणारा माणूस), स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड, आणि पहिल्या लेव्हललाच घेतलेलं ग्रेट वेपन मास्टर फीट (खास कसब). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वीस-तोंडी फासा टाकायच्या आधी बोलायचं की उणे ५ लावतोय, मग नेमातून ५ जातात पण वार लागला तर डॅमेज १० ने जास्त.

तर मी दर वेळी लावतो आणि दर वेळी हुकतो. गेल्या रविवारी गॉब्लिनांवर (छोटे राक्षस) १४ वेळा तलवार फिरवली, लागली ४ वेळा. मामेबहीण रोग आहे (चोर-उचक्का वाला, आजार वाला नाही) ती आपली बारीक बारीक टोचून माझ्यापेक्षा जास्त मारून मोकळी, आणि आता पोहे-जलेबी घेऊन वर आली की मामीसुद्धा विचारते, आज तरी लागली का रे तलवार?

रात्री वही घेऊन बसलो. माझा बोनस +७, ग्रेटसोर्डचे दोन फासे मिळून सरासरी ७ आणि स्ट्रेंग्थचे ४, म्हणजे ११. गॉब्लिनचा एसी (फासा अधिक बोनस तेवढा झाला की वार लागतो) १५, मामेभाऊ एसी लपवत नाही. सरळ मारलं तर ८ किंवा वर पडायला हवं, ६५ टक्के, दर वाराला सरासरी डॅमेज ७.१५. उणे ५ लावलं तर १३ हवेत, ४० टक्के, पण डॅमेज २१, म्हणजे ८.४. क्रिटमध्ये (फाशावर २० पडले तर) फक्त डॅमेजचे फासे डबल होतात, १० नाही, म्हणून दोन्हीकडे सारखेच वाढतात, सोडून दिलं. एसी १७ ला ६.०५ विरुद्ध ६.३, जेमतेम. १८ ला गाडी उलटते, ५.५ विरुद्ध ५.२५. म्हणजे वहीप्रमाणे १७ पर्यंत लावतच राहायचं, मग मी टेबलवर असा फुकटचा का फिरतोय? फासा बदलू का?

प्रतिसाद १

फासा ठीक आहे. ४० टक्क्यांनी १४ मध्ये पाच-सहा लागायला हवे होते, चार लागले, असं होतंच.

वही पण बरोबर आहे रे, पण गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती डॅमेजला मरतो ते) किती? ७. आणि तुझा सरळ वार कमीत कमी किती? दोन्ही फाशांवर एक-एक पडले तरी ६. म्हणजे ३६ पैकी एकदाच गॉब्लिन जिवंत राहील, तोही एका पॉइंटवर. तू त्याला २१ मारलेस तरी तो ७ चाच मेला, बाकीचे १४ गेले कुठे? पाव किलोच्या डब्यात पाऊण किलो शेव ओततोयस, बाकी सगळी ओट्यावर. तुझ्या वहीत ती ओट्यावरची शेव पण धरलेली आहे. गॉब्लिनसाठी डॅमेज बघूच नको, फक्त लागतं किती ते बघ, १०० वारांत साधारण ६३ मेले विरुद्ध ४०.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण मग फीट वायाच गेलं असं समजू नका, ओगर (मोठा राक्षस) आला की वापरा. एसी ११, हिट पॉइंट ५९. सरळ ८५ टक्के, ९.३५. उणे ५ ने ६० टक्के, १२.६, आणि तिथे काहीच सांडत नाही कारण डबा मोठा आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही फीट अर्धंच वाचलंय का? आपल्या टर्नमध्ये क्रिट पडला किंवा तुमच्या वाराने कोणी शून्य हिट पॉइंटवर गेलं की बोनस ॲक्शनने (टर्नमधली जादाची कृती) अजून एक वार मिळतो. मग गॉब्लिन सरळ मारून पाडा आणि तो फुकटचा वार शेजारच्या ओगरवर उणे ५ ने. गॉब्लिनवर हुकलात की तोही गेला.

धागाकर्ता

अरे भिया!! तो बोनस ॲक्शन मी तीन महिने विसरलेला आहे. मामेभावाला माहीत होतं, विचारलं तर म्हणतो तुझं फीट तूच वाच.

पुढच्या रविवारी बहुतेक हॉबगॉब्लिन आहेत, एसी १८, हिट पॉइंट ११. सरळच ना?

प्रतिसाद १

सरळ. ॲडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) असेल तर सरासरी मात्र फिरते, ८.२५ विरुद्ध ९.१९. पण गंमत बघ, एका वारात मरायचा चान्स (क्रिट सोडून) दोन्हीकडे अगदी सारखा, ४३.७५ टक्के. मग सरळच बरा, कारण तो नाही मेला तरी बहुतेक वेळा जखमी तरी होतो, हुकलेल्या वाराने काय होणार.

प्रतिसाद ३

क्लेरिक (देवाचे मंत्र म्हणणारं पात्र) कोण आहे तुमचा? त्याच्याकडून ब्लेस (आशीर्वादाचा मंत्र) घ्या, प्रत्येक वाराच्या नेमाला चार-तोंडी फासा जास्त मिळतो, उणे ५ मधले सरासरी अडीच तिथेच भरून निघतात.

अवांतर: मी विजयनगरला असतो, टेबलवर जागा आहे का?

धागाकर्ता

क्लेरिकच नाहीये, कोणी व्हायला तयार नाही. तू होतोस का? मग रविवारी नऊला ये, पोहे नऊलाच संपतात.