घरातले जुने मांजर आणि नवे पिल्लू : अनुभव धागा

एप्रिल-मेपासून पावसाळा सरेपर्यंत जिन्याखाली, मोटारीच्या बॉनेटमध्ये, बंद दुकानाच्या फळीवर मांजराची पिल्ले सापडत राहतात आणि ज्यांच्या घरी आधीच एक मांजर आहे त्यांच्याच हाती ती बहुधा सोपवली जातात, कारण "तुमच्याकडे आहेच की एक" असे म्हणणे फार सोपे असते. त्या आधीच्या मांजराला मात्र कोणी विचारत नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, आपल्या नात्यातल्या भाट्यांबरोबर गुण्यागोविंदाने राहते, पण अनोळखी मांजर तिच्या लेखी घुसखोरच असते. दोन ते सात आठवड्यांच्या वयात भावंडांबरोबर वाढलेल्या पिल्लाला दुसरे मांजर चटकन चालते. घरातल्या प्रौढ मांजराने मात्र लहानपणानंतर खिडकीबाहेरच्या मांजरांखेरीज दुसरे मांजर पाहिलेलेच नसते. म्हणून या धाग्यात पिल्लाच्या गमतीजमती थोड्या आणि जुन्या मांजराचे काय झाले हे सविस्तर यावे, अशी विनंती आहे.

प्रत्येकाने गाव, घर केवढे आहे, दोन्ही मांजरांची वये आणि नसबंदी झाली आहे की नाही, एवढे आधी सांगावे. जमले नाही असे अनुभवही हवे आहेत, किंबहुना तेच अधिक हवे आहेत. औषधांची मात्रा कोणीही लिहू नये. माणसांचे पॅरासिटामॉल मांजराला विषासमान असते आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या जिवावर बेतते, हे माहीत नसलेले लोकही वाचत असतात.

कोथरूड, पुणे. दोन शयनगृहांचा फ्लॅट. ठमी, भाटी, नऊ वर्षांची, नसबंदी झालेली. बंड्या, बोका, आला तेव्हा अडीच महिन्यांचा.

बंड्याला आम्ही मागच्या खोलीत ठेवून दार लावून घेतले. पलीकडे कोणीतरी आहे हे ठमीला कळायला अर्धा तासही लागला नाही. दाराखालच्या फटीशी नाक लावून तिने वास घेतला, फिस्कारली आणि जाऊन फ्रिजवर बसली ती दिवसभर उतरली नाही. मांजरे एकमेकांना डोळ्यांआधी नाकाने ओळखतात, त्यामुळे तोंडओळखीपूर्वी वासाची ओळख व्हायला हवी, असे पशुवैद्यांनी आम्हांला बजावले होते. मांजराच्या गालांवर आणि हनुवटीवर गंधग्रंथी असतात. खुर्चीच्या पायाला किंवा आपल्या पोटरीला ते गाल घासते, ते आपला वास तिथे ठेवण्यासाठी. म्हणून जुन्या सुती पंचाचे दोन तुकडे केले. एक बंड्याच्या गालांवरून फिरवून ठमी वावरते त्या भागात टाकला आणि दुसरा तिच्या गालांवरून फिरवून त्याच्या खोलीत ठेवला. तिच्या बशीजवळ किंवा झोपण्याच्या जागी मुद्दामच ठेवला नाही, कारण नको असेल तर तिला तो टाळता आला पाहिजे. पहिले काही दिवस ती त्या फडक्याला वळसा घालून जात असे. नंतर एका सकाळी ती त्याच्यावरच बसून अंग चाटत होती.

पुढची पायरी जेवणाची. बंद दाराच्या दोन बाजूंना दोन बशा, पण ठमीची बशी पॅसेजच्या पार टोकाला. ती रोज एक फरशी दाराकडे सरकवायची आणि खाताखाता थांबून ठमी दाराकडे टक लावू लागली की दुसऱ्या दिवशी एक फरशी मागे घ्यायची, असा क्रम ठेवला. बशी दारापाशी पोहोचल्यावर सुताराकडून जाळीची चौकट करून घेतली आणि दार उघडून ती तिथे बसवली. बंड्या जाळीला चढून लोंबकळला; ठमीने मान वर करून पाहिले आणि पुन्हा बशीत तोंड घातले. तेव्हा कुठे जाळी काढली. तो अर्थातच सरळ तिच्या अंगावर धावला आणि तिने त्याला एक फटका दिला, पण नखे आत ठेवून. असा फटका म्हणजे शिस्त लावणे असते, तिथे आपण मध्ये पडू नये. कान मागे जाऊन डोक्याला चिकटले, नजर रोखली गेली आणि अंग जमिनीसरसे झाले, तर मात्र मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरावा. हात कधीही घालू नये. या सगळ्यात महिन्याहून अधिक काळ गेला. आजही दोघे एकमेकांना चाटत वगैरे नाहीत. एकाच पलंगाच्या दोन टोकांना झोपतात आणि आमची अपेक्षाही तेवढीच होती.

गिरगाव, मुंबई. चाळीतली एक खोली. राणी, भाटी, सहा वर्षांची, नसबंदी झालेली. चिमणी, मादी, दोन महिन्यांची.

वरचा अनुभव वाचताना थोडे हसू आले, कारण आमच्याकडे मागची खोली नाही आणि पॅसेज म्हणजे साऱ्या मजल्याची गॅलरी. ज्यांच्याकडे लावायला दुसरे दारच नाही त्यांनी काय करावे, हे सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मोकाट मांजरांची नसबंदी करून घेणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून आम्ही मोठा तारेचा पिंजरा आणला, तीन बाजूंनी जुन्या चादरीने झाकला आणि मोरीपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवला. चिमणीचे खाणे, झोपणे आणि शी-शूचे भांडे सगळे आतच. राणीसाठी कपाटावरची बोचकी खाली काढून तिथे गोधडी अंथरली आणि चढायला सोपे जावे म्हणून शिलाई यंत्र कपाटाला लावून ठेवले. खोलीचे क्षेत्रफळ वाढवता येत नसले तरी मांजरापुरती उंची वाढवता येते. राणी वरून खाली पाहत बसायची आणि सासूबाई मला विचारायच्या, "अगं, हिच्या उरावर ही सवत कशाला आणलीस?"

राणीची संध्याकाळी गॅलरीत एक फेरी असते, शेवटच्या बिऱ्हाडात तिला बोंबलाचा तुकडा मिळतो. तेवढ्या वेळात चिमणीला बाहेर सोडायचे. ती सगळीकडे हुंदडून, गादीवर लोळून परत पिंजऱ्यात गेली की राणी यायची आणि प्रत्येक वस्तू हुंगत खोलीभर फिरायची. पुण्यात पंचाच्या तुकड्यांनी जे झाले ते आमच्याकडे गादीने केले, असे म्हणायला हरकत नाही. शी-शूची भांडी मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावीत, असे सगळे सांगतात. आम्ही दोनच ठेवली. तिसरे ठेवले असते तर माणसांना उभे राहायला जागा उरली नसती. फक्त दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवली, म्हणजे एकीने दुसरीची वाट अडवण्याचा प्रश्न येत नाही.

नाशिक. घर मोठे. लाली, भाटी, चार वर्षांची. पिल्लू दीडेक महिन्याचे होते.

आमचा अनुभव ओळखीच्या आधीचाच आहे. रस्त्यावरून आणलेले पिल्लू पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत दिसले. नंतर त्याने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसू लागले आणि उपचार चालू असताना गेले. निदान फेलाइन पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराचे होते. लालीचे लसीकरण पूर्ण असल्यामुळे ती वाचली. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जाऊ शकतात, त्यामुळे वरून निरोगी दिसणारे पिल्लूही सुमारे दोन आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवावे, मग दोघांची ओळख पहिल्याच दिवशी जमेल असे वाटत असले तरीही. हा विषाणू हातांनी आणि चपलांनीही पसरतो व घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही, उलट त्यातल्या फिनॉलने मांजरालाच विषबाधा होते. जागा आधी धुऊन मग एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी हे मिश्रण दहा मिनिटे तसेच ठेवावे लागते. पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. पहिली टोचली म्हणजे झाले, असे समजणारे पुष्कळ भेटतात.

देवगड. पडवी, माजघर, माळा असलेले घर. मांजरे नेहमीच तीन-चार.

आमच्याकडे ओळख करून देणे हा प्रकार नाही. पिल्लू येते, थोरली फिस्कारते आणि माळ्यावर जाते, आठवड्याभराने दोन्ही चुलीपाशी दिसतात. एकदा आई मेलेले, डोळे नुकते उघडलेले पिल्लू आम्ही आमच्या विणीच्या भाटीच्या पिल्लांमध्ये ठेवले, तर तिने त्याला चाटून सरळ पाजायला घेतले. पिल्ले अंगावर असलेली भाटी परके पिल्लूही बऱ्याचदा स्वीकारते. शहरातल्या लोकांनी या गोष्टीचा फार बाऊ केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

*(गिरगावहून उत्तर : काका, तुमच्या थोरलीला माळा आहे, पडवी आहे आणि अगदीच नको झाले तर शेजारचे घर आहे. फ्लॅटमधल्या मांजराला निघून जाता येत नाही, म्हणून हा बाऊ. तुमचे एखादे मांजर कायमचे शेजारी राहायला गेले नाही का?)*

*(देवगडहून : गेले. दोन गेली.)*

मडगाव. तळमजल्याचा फ्लॅट. सुलतान, बोका, सात वर्षांचा, नसबंदी झालेला, अंगाने भारी. पिल्लू तीन महिन्यांचे.

भांडण एकही झाले नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. सुलतान फक्त गप्प झाला होता. पिल्लू आल्यावर आठवड्याभराने तो पुन्हा पुन्हा वाळूच्या भांड्यात जाऊन बसू लागला. आम्हांला बद्धकोष्ठ वाटले. रात्री तो भांड्यात बसून वेगळ्याच आवाजात ओरडला आणि आम्ही भांडे नीट पाहिले, तर वाळू कोरडी होती. डॉक्टरांनी पोट चाचपून मूत्राशय दगडासारखे टणक झाल्याचे सांगितले आणि लगेच नळी घालून मूत्रमार्ग मोकळा केला. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो बंद झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते, आणि ताण हे त्यामागच्या कारणांपैकी एक आहे. त्यामुळे दोन मांजरे भांडतात का, याच्याइतकेच जुने मांजर लघवी करते आहे का आणि खाते आहे का, हे रोज पाहावे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी त्याच्या यकृतात चरबी साठू लागते. "रुसला आहे, खाईल उद्या" असे म्हणून चालत नाही.

सुलतान सुधारल्यावर पिल्लाला पुन्हा वेगळ्या खोलीत नेले आणि सगळे पहिल्यापासून, कोथरूडच्या पद्धतीने केले. आता ठीक चालले आहे.

सिंगापूर. सरकारी गृहनिर्माणाची सदनिका.

येथे या सदनिकांमध्ये मांजर पाळण्यावर कित्येक दशके बंदी होती. १ सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक घरात दोनपर्यंत मांजरे पाळता येतात, त्यांना मायक्रोचिप आणि परवाना लागतो. म्हणून आम्हीही दुसरे आणले. बाकी सगळे वरच्याप्रमाणेच, फक्त एक भर घालतो. जुन्या मांजराला वार्षिक तपासणीसाठी नेऊन आणले, तर ओळख झालेली असूनही पिल्लूच तिच्यावर फिस्कारले, कारण तिच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता. आता दोघींना एकत्रच नेतो.

सोलापूर. दोन खोल्या. माई, भाटी, चौदा वर्षांची, मूत्रपिंडाचा विकार. पिल्लू चार महिन्यांचा बोका.

धाग्यात न जमलेले अनुभव मागितले आहेत, म्हणून लिहीत आहे. वास, जाळी, जेवण हे सारे आम्ही रीतसर केले आणि माईने त्याला एकदाही मारले नाही. अडचण अशी होती की तिला मारण्याची ताकदच नव्हती. चार महिन्यांच्या बोक्याला दिवसभर कोणाच्या तरी अंगावर उडी मारायची असते आणि सांधे दुखणारी म्हातारी त्याच्या दृष्टीने हलणारे खेळणे होती. ती खाटेखालून बाहेर येईनाशी झाली, वजन उतरले. आम्ही दोरीला पिसे बांधून त्याला संध्याकाळी दमेपर्यंत खेळवत होतो, त्याने थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. शेवटी त्याला माझ्या बहिणीकडे दिले, तिच्याकडे त्याच वयाचे दुसरे पिल्लू होते. म्हाताऱ्या मांजराला सोबत म्हणून पिल्लू आणावे, हा सल्ला मला मुळातच पटत नाही. सोबत बहुधा माणसांना हवी असते. आणायचेच झाले तर एकाऐवजी दोन पिल्ले आणावीत, म्हणजे ती एकमेकांच्या अंगावर उड्या मारतील, असे आमचे पशुवैद्य म्हणाले. आमची ऐपत दोघांची नव्हती.

छत्रपती संभाजीनगर. स्वतंत्र घर. गोट्या, बोका, पाच वर्षांचा. नवा बोका आता पाच महिन्यांचा.

सोलापूरच्या ताईंना मूत्रपिंडाच्या पथ्याचे खाणे पिल्लापासून कसे वाचवले, हे विचारायचे होते. आमच्याकडे उलट प्रकार आहे. पिल्लांच्या खाण्यात उष्मांक जास्त असतात आणि गोट्या ते चोरून खाऊन फुगत चालला आहे. आम्ही खोक्याला पिल्लापुरतेच भोक पाडून बशी आत ठेवली, पण पिल्लू वाढत असल्याने ती युक्ती फार दिवस टिकणार नाही. दुसरे असे की, आतापर्यंत दोघांचे उत्तम जमले असताना गेल्या आठवड्यापासून गोट्या त्याच्या मागे लागतो आहे. चार ते सहा महिन्यांत बोके वयात येऊ लागतात, हे लक्षात घेऊन या शनिवारी नसबंदीची वेळ घेतली आहे.

*(सोलापूरहून उत्तर : बशी दिवसभर भरून ठेवणेच बंद केले होते. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे, दोघे दोन खोल्यांत, दार लावून. उरलेले लगेच उचलायचे. पहिले दोन दिवस आरडाओरडा होतो, नंतर वेळेची सवय लागते. शस्त्रक्रियेनंतर लहान बोक्याला पहिली रात्र वेगळ्या खोलीत ठेवा आणि गोट्यासमोर आणण्याआधी त्याच्या अंगावरून गोट्याच्या अंथरुणातले फडके फिरवा.)*