मदत हवी: मॅक्रोफेजमध्ये टीबीचे जंतू टिकतच नाहीयेत

पेट्रीडिश:
तातडीचं आहे. टीएचपी-१ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या रक्तपेशी) पीएमए हे रसायन देऊन चिकटवल्या, म्हणजे त्यांचे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) केले, टीबीचे जंतू घातले, चार तासांनी धुतलं. सगळीकडे लिहिलंय की पेशी ज्या पोकळीत जंतू गिळते, तिची लायसोसोमशी (पेशीतली पचवणारी आम्लाची पिशवी) जोड जंतू होऊ देत नाहीत, म्हणून आत तगतात. माझ्याकडे पाचव्या दिवशी कॉलन्या (प्लेटवर वाढलेले जंतूंचे ठिपके) चार तासांच्या निम्म्याही नाहीत. दर वेळी प्लेटवर काही दिसायला तीन आठवडे जातात आणि ही तिसरी वेळ. गुरुवारी सरांना दाखवायचंय. काय चुकतंय?

सूक्ष्मदर्शी:
एका पेशीमागे किती जंतू? इंटरफेरॉन गॅमा (मॅक्रोफेजला चेतवणारं प्रथिन) दिलं होतं का? ते दिलं की पोकळीचा सामू (पीएच) ६.४ वरून ५ च्या आसपास उतरतो, म्हणजे आम्ल वाढतं.

विनायकदादा:
ताई, घाबरू नका. मला टीबी झाला होता. सहा महिने एकही गोळी चुकवली नाही, ठणठणीत झालो. निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, नाव नोंदवा.

पेट्रीडिश:
दादा, मला टीबी नाही, प्रयोग आहे. पेशीमागे पाच जंतू. इंटरफेरॉन नाही.

रानवारा:
गुठळ्या! हे जंतू मेणचट, एकमेकांना चिकटतात. बारीक सुईतून आठ-दहा वेळा ओढून घ्या. माझं काम यानेच सुटलं.

सूक्ष्मदर्शी:
गुठळ्यांनी आकडे वरखाली होतात, तिन्ही वेळा घसरत नाहीत. जंतूचा स्ट्रेन (वाण) कोणता?

पेट्रीडिश:
एच३७आरए, रोग न करणारा. आमच्याकडे बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा) नाही. रोग करणाऱ्या एच३७आरव्हीचाच भाऊ ना तो?

सूक्ष्मदर्शी:
मग तिथेच बघा. आरएच्या फॉपी प्रथिनात २१९ व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आहे. पोकळीत आम्ल वाढलं की जी जनुकं चालू व्हायला हवीत, त्यातली बरीच फॉपीच्या हुकमावर चालतात. पोकळीचं आवरण फाडणारं ईसॅट-६ सुद्धा आरए बनवतो, पण बाहेर सोडत नाही. आत जाऊन जुळवून घेण्याची यंत्रणाच त्याची अधू आहे. तुम्ही वाचलंय ते आरव्हीबद्दल असणार.

रानवारा:
मग बीसीजी लशीतला जंतू वापरा. आणि सुई विसरू नका.

सूक्ष्मदर्शी:
बीसीजीत आरडी-१ हा जनुकांचा तुकडाच गळालाय, ईसॅट-६ चं जनुक त्यातच होतं. उपयोग नाही.

पेट्रीडिश:
म्हणजे माझी मोजणी बरोबर असू शकते? तीन महिने मी स्वतःलाच दोष देतेय. सरांना काय सांगू?

सूक्ष्मदर्शी:
स्ट्रेनचं नाव पहिल्या पानावर लिहा. लायसोट्रॅकर (आम्लाच्या जागा दाखवणारा रंग) लावून किती जंतू आम्लाच्या पोकळीत आहेत ते मोजा, एका दिवसाचं काम आहे. चार तासांच्या प्लेटचे फोटो आहेत का? इथे टाका.