मदत हवी आहे : ७३८ एलसीच्या ब्लेडला भट्टीनंतर तडे

नमस्कार मंडळी. गॅस टर्बाइनच्या पहिल्या स्टेजची ब्लेडं दुरुस्तीला आली आहेत. धातू इनकोनेल ७३८ एलसी (निकेलचा उष्णतारोधक मिश्रधातू), कास्टिंग. टोकं झिजलीत, टिग वेल्डिंगने भर घालून उंची परत आणायची आहे.

फिलर इनकोनेल ६२५, करंट कमीत कमी, दोन पासच्या मधे पुरेसं थांबतो. वेल्डनंतर डाय पेनिट्रंटला (तडे दाखवणारा लाल रंग) पीस स्वच्छ. पण व्हॅक्यूम फर्नेसमध्ये ११२० अंशांना २ तास आणि ८४५ ला २४ तास देऊन पुन्हा तपासलं, की फ्यूजन लाइनला (वेल्ड आणि मूळ धातू जुळतात ती रेषा) लागून, मूळ धातूच्या बाजूला, केसाएवढी लाल रेघ उमटते. एक पीस कापून मायक्रोस्कोपखाली पाहिला; तडा ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) सीमेनेच गेलाय.

ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मिळून जवळपास ६.८ टक्के, त्यामुळे तापताना ताण उतरायच्या आत गॅमा प्राइम (या दोघांमुळे धातूत तयार होणारे बारीक कण) धातूला कडक करतो, हा माझा पहिला संशय. दुसरा असा, की सीमा वेल्डिंगच्या वेळीच वितळून सूक्ष्म तडे पडतात आणि भट्टीत उघडतात. हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

वेल्डआधी ओव्हरएजिंग (हे कण मुद्दाम मोठे वाढवून धातू मऊ करणं) केलंय का कुणी? ११२० वरून किती सावकाश उतरवता? ७०० ते ९०० चा पट्टा झटकन ओलांडण्याचा फायदा होतो का? आणि ९०० च्या वर प्रीहीट ठेवून आरगॉन बॉक्समध्ये काम करणाऱ्यांनी टोकाची पातळ भिंत ढासळू नये म्हणून काय केलं, तेही सविस्तर सांगा. ब्लेडं महागडी आहेत, भंगारात घालायची नाहीत.