मिसळीच्या कूपनांवर खो-खो क्लब चालवायचा, की सरळ वर्गणी घ्यायची?

कृष्णाकाठ
सांगली-मिरजेकडचे छोटे खो-खो, कबड्डीचे क्लब वर्षातून एकदा रविवारी सकाळी मिसळ करतात आणि ‘फंड जमला’ म्हणून मोकळे होतात. माझं मत, हे बंद करा. 80 रुपयांची 300 कूपनं म्हणजे 24,000. आता खर्च खरा लिहा: मटकी, फरसाण, पाव, तेल, मसाला, कांदा-लिंबू धरून 12,400, गॅस आणि प्लेट-वाट्या 3,000, आचारी 4,000, भांडी, टेबलं, मांडव 2,500, पाण्याचे जार आणि छपाई 1,200. झाले 23,100. हातात 900. त्यात मैदान आखायची फक्की येईल, बाकी काही नाही. वर पोरांचा आठवडाभर सराव बुडतो. 60 घरांकडून महिना 50 घ्या, वर्षाला 36,000 होतात.

जमाखर्च
वर्गणीचं गणित कागदावर झकास आहे. चौथ्या महिन्यापासून 50-50 रुपयांसाठी दारोदार कोण हिंडणार ते लिहायचं राहिलं! आणि ज्या घरातलं पोर मैदानावर येत नाही ते घर वर्गणी देत नाही, कूपन मात्र घेतं.

दर 100 करा. आचाऱ्याचं काम आणि मांडव-भांडी या दोन गोष्टी ओळखीतून देणगीदाखल मिळतात. मग खर्च 16,600 वर येतो आणि 13,400 उरतात. खरी गळती कूपनांत असते. 25-25 ची पुस्तकं करा, क्रमांक आणि स्थळप्रत हवीच, पुस्तक देताना सही घ्या. न खपलेली कूपनं शुक्रवारी संध्याकाळी परत. त्या आकड्यावरच शनिवारची खरेदी करायची, ‘तीनशे तर जातीलच’ या अंदाजावर नाही. पार्सलचं कूपन वेगळ्या रंगाचं ठेवा, कारण पार्सलात रस्सा बसून खाणाऱ्याच्या जवळपास दुप्पट जातो. खेळाडू आणि वाढपी धरून 30 प्लेटा फुकटच्या जातात, त्या खर्चात धरा. बहुतेक ठिकाणी हिशोब चुकतो तो इथंच.

मोठंपातेलं
वादात पडत नाही, पण करणारच असाल तर 300 प्लेटांचं माप घ्या: कोरडी मटकी 12 किलो, फरसाण 18 किलो, पाव 750, तेल 7 लिटर, कट म्हणजे रस्सा 80 ते 90 लिटर. कूपनावर ‘रस्सा अमर्याद’ छापलंत तर 90 लाही पुरणार नाही.

मटकी दहा-बारा तास भिजवा. सगळी एकाच गाठोड्यात बांधू नका, मधली गरम होऊन चिकट होते आणि वास मारते. दोन-तीन किलोच्या पुरचुंड्या करा. थंडीत भिजवायला कोमट पाणी घ्या आणि मोडांना एक दिवस जादा धरा. मटकी हळद-मीठ घालून वेगळी, थोडी कमीच शिजवायची. कटात टाकून ठेवली तर कट दाट होतो आणि लवकर आंबतो. तर्री काढून वेगळ्या पातेल्यात ठेवा, नाहीतर पहिल्या पन्नास जणांच्या वाटीत सगळं तेल आणि शेवटच्यांना तिखट पाणी. कट वाढवायला उकळतं पाणीच घाला. पाव दोन खेपांत मागवा. गर्दी नऊ ते दहाच्या दरम्यान एकदम येते, तेव्हा वाढपाच्या दोन रांगा लागतात.

हळदबाजार
माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी. तीनशे लोकांना जेवू घालणं म्हणजे जबाबदारी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे आणि तात्पुरत्या स्टॉललाही नोंदणी लागते. शेगडीला घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर लावणं नियमात बसत नाही, व्यावसायिक 19 किलोचंच हवं. उद्या चार जणांना जुलाब झाले की खो-खो राहतो बाजूला.

जमाखर्च
@हळदबाजार, वर्गणी तरी कुठं मोकळी आहे? नोंदणी नसलेली मंडळं गणपतीत वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम 41 क ची परवानगी घेतातच की. कागद दोन्हीकडे आहेत.

कृष्णाकाठ
देणगीदाखल मिळालेला आचारी हा मिसळीचा नफा कसा? ती त्याची देणगी. त्याच्याकडे सरळ 4,000 मागा, मिसळीचा खटाटोप कशाला?

मोठंपातेलं
अहो, मागून बघा. तो रविवारची सकाळ देईल, चार हजार नाही देणार. तुमच्या वहीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच.

कृष्णाकाठ
बरं, मग जमाखर्चात ‘देणगी, श्रमरूपाने’ असा वेगळा रकाना तरी घाला. मिसळीची कमाई 6,900 लिहा, 13,400 नको. त्या आकड्यावर पुढच्या वर्षीच्या स्पर्धांची प्रवेश फी ठरते, आणि आचारी नाही म्हणाला की सगळं कोसळतं.

जमाखर्च
हे मान्य. तरी मिसळ बंद करणं मान्य नाही.

वाळवेकर
तारखेवर कुणी बोललंच नाही. चतुर्थी-एकादशीला आलेला रविवार टाळा, निम्मी घरं उपासाची. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारेही बरेच. आणि आखाडातल्या शेवटच्या रविवारी मिसळीचं कूपन विकायला जाऊच नका, त्या दिवशी माणसं मटणाच्या रांगेत असतात.