चर्चा धागा : किनाऱ्याजवळच्या सदनिकेसाठी वॉरंटी योजना घ्यावी का?

बारदेसकर : कळंगुटला समुद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेली, ताबा मिळून चार वर्षे झालेली सदनिका आम्ही मूळ मालकाकडून विकत घेत आहोत. दलालाने सोबत एक वार्षिक ‘होम वॉरंटी’ सुचवली आहे. तिची किंमत 6,000 रुपये. 18 टक्के वस्तू व सेवा कर धरून 7,080, आणि तंत्रज्ञ घरी आला की दर खेपेला 350 रुपये वेगळे. दोन एसी, फ्रिज, गीझर, पाण्याचा पंप, नळकाम आणि वायरिंग तिच्यात येते, असे माहितीपत्रक सांगते. मी मात्र मागचे पान वाचले. गंज, विजेच्या दाबातील चढउतार आणि करारापूर्वीचा बिघाड या तीन गोष्टी वगळल्या आहेत, शिवाय पहिले 30 दिवस दावाच करता येत नाही. आमच्याकडे एसी बिघडतो तो बहुधा खारा वारा बाहेरच्या युनिटची कॉइल खातो म्हणून, आणि पावसाळ्यात सर्किट बोर्ड जळतो तो वीज सारखी ये-जा करते म्हणून. जे हमखास बिघडणार तेच वगळून उरलेल्याची हमी विकत का घ्यावी?

तारवटी : मी सहमत नाही. वर्षातले आठ महिने मी जहाजावर असतो आणि आई फोंड्याला एकटी राहते. पंप बंद पडल्यावर तिने प्लंबर शोधत फिरण्यापेक्षा एका क्रमांकावर फोन करावा, एवढ्यासाठी मी अशीच योजना दोन वर्षे घेतली आहे. चार खेपांचे 1,400 रुपये धरले तरी वर्षाचा खर्च 8,480 होतो, आणि ही रक्कम मला जड वाटत नाही.

सासष्टीकर : तो फोन उचलल्यावर माणूस किती तासांत येईल, हे करारात लिहिले आहे का? चवथीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे नऊ दिवस कोणी फिरकले नाही, आणि मुदतच लिहिलेली नसल्यामुळे तक्रारीला आधारही नव्हता. बारदेसकर, तुमच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. स्थावर संपदा अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिल्यास तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे विकासकावर बंधनकारक आहे. या कायद्यातील ‘वाटपग्राही’ (म्हणजे ज्याला विकासकाने सदनिका दिली तो) या शब्दात पुढे सदनिका विकत घेणाराही येतो. मात्र पाच वर्षे मूळ ताब्यापासून मोजली जातात, तुमच्या खरेदीपासून नव्हे. तुमच्या हाती जेमतेम एक पावसाळा उरला आहे. भिंतीला ओल दिसली की छायाचित्रांसह लेखी कळवा.

तारवटी : कागदावर 30 दिवस, हे खरे. पण विकासकाने दाद दिली नाही तर पणजीला याच कायद्याखालील स्थावर संपदा प्राधिकरणाकडे (रेरा) तक्रार करावी लागते, आणि तोवर गीझर कोण दुरुस्त करणार?

सासष्टीकर : गीझर आणि गळती या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. गळतीचा खर्च मोठा, आणि नेमकी तीच बहुतेक वॉरंटी योजनांत नसते. वीज पडून किंवा पूर येऊन होणाऱ्या नुकसानीसाठी तर विमाच हवा. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे, पण वापराने होणारी झीज तिच्यात येत नाही. म्हणून घर, यंत्रे आणि आपत्ती यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

बारदेसकर : योजनेच्या प्रतिनिधीला मी दोन अटी लेखी मागितल्या : 48 तासांत भेट आणि कॉइलच्या गंजाचा समावेश. पहिली त्यांनी मान्य केली, दुसरीवर ‘किनारी भागात शक्य नाही’ असे उत्तर आले. मी योजना घेत नाही. ते 7,080 रुपये व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि एसीच्या पावसापूर्वीच्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवतो.

तारवटी : तुम्ही घरी असता, म्हणून तुम्हाला ते जमेल. मी पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर जाईन. ती 48 तासांची अट मात्र नूतनीकरणाच्या वेळी मीही लिहून घेणार आहे.