शब्दचर्चा : ‘देवाचं बोलावणं’ आलं, पण माणूस जिवंत आहे

मोरपीस :
एका छोट्या पुस्तिकेचं मराठी भाषांतर करतेय. विषय योसेफ, बायबलमधला. मुळात ‘कॉलिंग’ हा शब्द पानोपानी आहे. म्हणजे देवाने एखाद्याला कामासाठी निवडलं, त्याला ते आतून कळलं, पण काम हाती पडायला मध्ये वर्षं गेली. माझ्या पहिल्या खर्ड्यात असं वाक्य होतं : ‘सतराव्या वर्षी योसेफाला देवाचं बोलावणं आलं, पण त्यानंतर त्याला तेरा वर्षं वाट पाहावी लागली.’

आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “अगंबाई, सतराव्या वर्षीच गेला? आणि मग तेरा वर्षं कुठे लटकला होता?”

तेव्हा लक्षात आलं, मराठीत देवाचं बोलावणं एकदाच येतं, आणि आलं की कुणी वाट पाहत बसत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या बोलावण्याला शब्द कोणता? आणि त्या मधल्या काळाला? ‘प्रतीक्षा’ नको, ते प्रतीक्षालयातलं वाटतं. मधल्या काळात योसेफ रिकामा बसलेला नाही. भावांनी विकल्यावर मिसर देशात (इजिप्तमध्ये) पोटीफर नावाच्या सरदाराच्या घराचा कारभार बघतोय, तुरुंगात पडल्यावर तिथल्या कैद्यांची व्यवस्था बघतोय. ते शब्दात यायला हवं.

वसईची वाट :
पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ‘पाचारण’. आमच्याकडे हा रोजचा शब्द. पुनरुत्थान काळातल्या (ईस्टरच्या हंगामातल्या) चौथ्या रविवारी चर्चमध्ये पाचारणासाठी खास प्रार्थना असते, म्हणजे तरुण मुलामुलींनी धर्मगुरू किंवा सिस्टर व्हावं म्हणून. मराठी बायबलमध्येही आहे. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात ‘कृपादान’ आणि ‘पाचारण’ जोडीनेच येतात.

क्रियापदाकडे मात्र लक्ष द्या. बोलावणं ‘येतं’, पाचारण ‘असतं’. आमची आजी शेजारच्या मुलाबद्दल म्हणायची, “त्याला पाचारण आहे, पण घाई नको करू दे.” असतं म्हटल्यावर ते टिकून राहणारं झालं, मग वर्षं गेली तरी वाक्य मोडत नाही. मुलगा सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, जातो तेव्हा त्याला ते असतं आणि दहा-बारा वर्षांनी दीक्षा होते तेव्हाही तेच असतं. मधल्या काळात ते खरंच आहे की नाही हे तो स्वतः आणि त्याला शिकवणारे, दोघंही पारखत असतात. कुणी मध्येच परत येतो. त्याला गावात कुणी नापास म्हणत नाही, “त्याला पाचारण नव्हतं” एवढंच म्हणतात. फार समजूतदार वाक्य आहे हे.

दप्तरदार :
पाचारण चर्चच्या आवारात शोभतं. आवाराबाहेर मराठी माणूस हा शब्द कुठे वाचतो? ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले.’ ‘बंदोबस्तासाठी राखीव दलाला पाचारण.’ ‘राज्यपालांनी सरकार स्थापनेसाठी पाचारण केले.’ बातमीतलं पाचारण तातडीचं असतं. आगीचा बंब तेरा वर्षांनी येत नाही.

शब्दाची जुनी चालही जोरकस आहे. तुळसीदासांच्या अवधी भाषेत ‘पचारना’ म्हणजे ललकारणं, युद्धाला आव्हान देणं. मराठीने त्यातला दंड थोपटण्याचा भाग सोडला, हाकेतली निकड तेवढी ठेवली.

वसईची वाट :
मान्य. पण पुस्तिका कुणासाठी आहे? ख्रिस्ती वाचकांसाठी असेल तर त्यांना बंब आठवणार नाही.

मोरपीस :
तीच अडचण आहे हो. पुस्तिका काढणारे म्हणतात, ‘सर्वांसाठी’.

टाळकरी :
माउली, दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे शब्द आहे, ‘तिष्ठणे’. पण गंमत अशी की आमच्या गोष्टीत तिष्ठतो तो देव. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, याने वीट फेकली आणि म्हणाला उभा राहा. युगे अठ्ठावीस उभा आहे. म्हणजे बोलावणं घेऊन आलेलाच बाहेर थांबला आणि ज्याला बोलावलं तो आत कामात! तुमच्या योसेफाच्या अगदी उलट.

‘तिष्ठ’ म्हणजे मुळात उभं राहणं, संस्कृत ‘स्था’ धातूवरून. त्यामुळे ‘तासभर तिष्ठत बसलो’ असं आपण म्हणतो तेव्हा उभे राहून बसलेलो असतो.

दप्तरदार :
‘तिष्ठत ठेवलं’ यात अपमान आहे, साहेबाने केबिनबाहेर ठेवल्यासारखा. ‘ताटकळत’मध्ये पाय दुखतात, ‘खोळंबणे’मध्ये काम अडतं. आपल्याकडे वाट पाहण्याचे शब्द बरेच आहेत, पण बहुतेकांत तक्रार आहे. वाट पाहता पाहता माणूस तयार होतो, असं सांगणारा एकच शब्द मला आठवतो : ‘उमेदवारी’.

फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. आपल्याकडे त्याला वेगळंच वळण लागलं. जुन्या कचेरीत नोकरीची आशा धरून जो बिनपगारी राबत असे, दप्तरं फडक्यात बांधत असे, नकला उतरवत असे, तो उमेदवार. आजोबांच्या पिढीत ‘दोन वर्षं मामलेदार कचेरीत उमेदवारी केली’ हे सर्रास बोललं जाई. ‘केली’ म्हणत, ‘पाहिली’ नाही. वाट पाहायची असते, उमेदवारी करायची असते. १९६१च्या कायद्यानंतर कारखान्यांत आणि एसटीच्या आगारांत ‘शिकाऊ उमेदवार’ आले, त्यांना विद्यावेतन मिळतं एवढाच फरक.

योसेफाचं बघा. एका सरदाराच्या घराचा कारभार, मग तुरुंगाची व्यवस्था आणि शेवटी आख्ख्या मिसर देशाच्या धान्याचा हिशेब, सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात. एकच काम तीन मापांत. याला उमेदवारी नाही तर काय म्हणायचं?

कौलारू :
दप्तरदार, शब्द फक्कड आहे, पण आज ‘योसेफाने तेरा वर्षं उमेदवारी केली’ वाचून लोक विचारतील, कुठल्या पक्षाची? तिकीट मिळालं का शेवटी?

दप्तरदार :
😀 खरं आहे. निवडणुकीने शब्द खाल्ला.

कौलारू :
मी मालवणकडचा. आमच्याकडे देवाचं बोलावणं नसतं, देवाचा ‘कौल’ असतो. शब्द अरबी, ‘कौल’ म्हणजे बोल, वचन. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा माहीत असेल, तिची तारीख पंचांगात शोधून सापडत नाही. देवीचा कौल झाल्यावर ठरते. लाखोंनी माणसं येतात, मुंबईच्या गाड्या भरून जातात आणि तारीख ठरेपर्यंत सगळे कोकणी चाकरमानी रजेचा अर्ज हातात धरून.

लहानपणी बघितलेला एक कौल सांगतो. आमच्या एका काकांना देवळातली पूजेची पाळी घ्यायची होती. इच्छा होती, पण देवाला विचारल्याशिवाय नाही. गाऱ्हाणं झालं. पाकळ्या चिकटून होत्या त्या चिकटूनच राहिल्या. समई एकदा विझली, परत लावली. मी एका पाकळीच्या कडेला जमलेला पाण्याचा थेंब बघत होतो. तो मोठा झाला, लोंबला, पडला, पाकळी जागेवरच. तासाभराने गुरवाने हात जोडले नि म्हणाला, “देव आज बोलूक नाय.” नाही म्हणाला असं नव्हे, बोललाच नाही. काका निमूट घरी आले. पुढच्या खेपेपर्यंत रोज पहाटे देवळाचं अंगण झाडायला जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. त्या झाडण्याला आमच्या बोलीत काही नाव नाही, असतं तर तुम्हाला दिलं असतं.

मोरपीस :
हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना. धन्यवाद.

जुनी वही :
‘सबुरी’ कुणीच कसं काढलं नाही? शिर्डीमुळे घराघरांत गेलेला शब्द आहे. साईचरित्रातली गोष्ट तुमच्या विषयाला चपखल बसते. संगमनेरची एक म्हातारी कानात मंत्र फुंका म्हणून हट्टाला पेटली, अन्नपाणी सोडून बसली. बाबांनी तिला सांगितलं, मी बारा वर्षं गुरूची सेवा केली, त्यांनी माझ्या कानात मंत्र कधी फुंकला नाही. दोन पैसे तेवढे मागितले, एक निष्ठेचा, दुसरा सबुरीचा.

मूळ अरबी ‘सब्र’, त्यात आवरून धरण्याचा भाव आहे. मराठीत तो दोन ठिकाणी उतरला. ‘सबुरीने घे’ म्हणजे घाई करू नको, आणि ऐतिहासिक नाटकातला “सबूर!” म्हणजे जागच्या जागी थांब, पुढे आलास तर तलवार आहे.

तसंच ‘कळ काढणे’. दुखणाऱ्याला आपण म्हणतो, “जरा कळ काढ,” आणि भांडखोराला म्हणतो, “उगाच कळ काढू नको.” तोच शब्द, एकदा सोसायचं, एकदा उकरायचं. बाहेरून मराठी शिकणाऱ्याचं काय होत असेल देव जाणे.

टाळकरी :
समर्थांचं राहिलं. बाराव्या वर्षी बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून निघाले अशी कथा आहे, आणि मग नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं नदीत उभं राहून जप. त्यानंतर परंपरेप्रमाणे आणखी बारा वर्षं तीर्थाटन. लोकांपुढे उभे राहिले ते या सगळ्यानंतर. टाकळीच्या बारा वर्षांना शब्द आहे ‘पुरश्चरण’. पुरस् म्हणजे आधी, चरण म्हणजे आचरण. आधी करायचं ते. अर्थाने याहून नेमका शब्द मिळणार नाही.

वसईची वाट :
अर्थ नेमका, पण योसेफ पुरश्चरण करतोय म्हटलं की वाचक त्याच्या हातात जपमाळ देणार.

एक वेगळी बाजू. मराठी बायबलमध्ये चाळिसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीला ‘धीर धरून वाट पाहिली’ असं आहे आणि यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी, ते गरुडाच्या पंखांचं वचन आहे ना, तिथे ‘आशा धरून राहणारे’. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी एकच धातू आहे, ‘कावा’. वाट पाहणं आणि आशा धरणं त्या भाषेला वेगळं वाटत नाही. भाषांतरकारांना मराठीत निवड करावी लागली. आणि गंमत बघा, दप्तरदारांच्या ‘उमेदवारा’तही आशा आणि थांबणं असंच एका पोटात आहे.

पंडिता रमाबाईंची आठवण झाली. बायबल सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला मुक्ती सदनात स्वतःचा छापखाना घातला, आश्रमातल्या मुली-बायकांना छपाईचे खिळे जुळवायला शिकवलं. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. कामाआधी कामाची भाषा शिकायची, हत्यारं करायची, हात तयार करायचे. याला एक शब्द नसला तरी चालेल, पण वाक्यात क्रियापदं हवीत.

दप्तरदार :
शेवटचं वाक्य मोलाचं. मोरपीस, नाम शोधूच नका.

एक खुसपट काढतो, माफ करा. तेरा वर्षांनी योसेफ फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला हे बरोबर, सतरा आणि तीस. पण सतराव्या वर्षी ज्यातून त्याला पाचारण कळलं ते स्वप्न होतं भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करतात असं. भाऊ आले दुष्काळात धान्य मागायला, म्हणजे सुकाळाची सात वर्षं उलटल्यावर. स्वप्नापासून मोजलं तर वीस वर्षांच्या वर होतात.

मोरपीस :
खुसपट नाही, घेतलं वहीत.

सगळ्यांचं वाचून ठरवलंय की शीर्षकात आणि जिथे अगदीच अडेल तिथे ‘पाचारण’, पण पहिल्यांदा येईल तिथे ते ‘असतं’ असं वापरायचं, म्हणजे बंब येणार नाही. मधल्या काळाला नाम नाही. काल रात्री असं लिहिलं :

‘योसेफाला पाचारण होतं हे त्याला सतराव्या वर्षी कळलं. फारोपुढे तो उभा राहिला तिसाव्या वर्षी. मधल्या काळात तो दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या सांभाळायला शिकला, मग तुरुंगातली माणसं सांभाळायला शिकला. तुरुंगातला सोबती, फारोचा प्यालेबरदार, सुटून गेला आणि याला विसरला, त्यानंतरही पुरी दोन वर्षं त्याने कळ काढली.’

‘कळ काढली’ ठेवू का? भांडण उकरल्यासारखं वाटेल?

जुनी वही :
संदर्भात नाही वाटणार. पण ‘कळ सोसली’ जास्त सुरक्षित.

कौलारू :
‘काढली’च ठेवा. सोसण्यात माणूस पडून असतो.

टाळकरी :
किल्ल्या आवडल्या.

मोरपीस :
‘काढली’ ठेवतेय. आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी पोळ्या लाटत होती. शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली. मग विचारलं, “स्वप्न पडलं तेव्हा त्याने काय केलं?” म्हटलं, लगेच जाऊन भावांना सांगितलं. म्हणाली, “मग ती तेरा वर्षं देवाने नाही लावली. पोरगा उतावीळ होता, तोंड मिटायला शिकला तेवढ्यात.”

हे मूळ पुस्तिकेत नाही, त्यामुळे घालता येणार नाही. ‘उतावीळ’ची व्युत्पत्ती कुणाला माहीत असेल तर नवा धागा काढते.